ते पाकीट आलं कुठून?

थोरल्याला पहिल्याच उन्हाळ्यात जुलाब लागले, तेव्हा आम्ही विरारला चाळीत राहत होतो. सासूबाई म्हणाल्या, "पाणी देऊ नकोस, अजून पोट सुटेल." मी ऐकलं. संध्याकाळी पोराचे डोळे खोल गेले, रडताना अश्रूही येईनात. अंगणवाडीताई ओआरएसचं पाकीट घेऊन धावत आल्या. रात्रभर चमच्याचमच्याने पाजलं. पहाटे त्याने शू केली आणि आम्ही सासू-सुना दोघी रडलो!

हे पाकीट आलं कुठून? १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन पुरेना. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातल्या केंद्राचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं, पाजणारे घरचेच. शंभरात तीस दगावत होते, तिथे चारहून कमी दगावले. पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ते देशोदेशी पोहोचवलं.

परदेशी मदत कायमची नसते. अमेरिकेची यूएसएड जुलै २०२५ मध्ये बंदच झाली. पण आईला शिकवलेलं कोण परत नेणार?

तेव्हा मैत्रिणींनो, पाकीट घरात ठेवाच. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अंगावरचं दूध थांबवू नका. मूल मलूल झालं, पिईनासं झालं, तर तडक दवाखाना गाठा. आणि पाणी तोडायला सांगणाऱ्या सासूबाईंना माझी गोष्ट जरूर सांगा.