बारच्या ठिपक्यापासून एक्सिस्टपर्यंत

१९४९ साली कॅनडातल्या लंडन शहरात मरे बार आणि एवर्ट बर्ट्रम यांना मांजरांच्या मज्जापेशींत एक गडद ठिपका दिसला. तो माद्यांच्या केंद्रकात असे, नरांच्या नसे. दहा वर्षांनी सुसुमु ओनो यांनी ओळखलं, की हा ठिपका म्हणजे घट्ट आवळलेलं अख्खं एक्स गुणसूत्र आहे. मादीच्या दोन एक्सपैकी एक प्रत्येक पेशीत बंद होतं, हा मेरी लायन यांचा सिद्धांत १९६१चा.

ते बंद कोण करतं, हे कळायला मात्र आणखी तीस वर्षं गेली. १९९१ मध्ये कॅरोलिन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी एक्सिस्ट हे जनुक जाहीर केलं. बंद पडलेल्या एक्सवर नेमकं हेच जनुक चालू! त्याचा आरएनए सुमारे सतरा हजार अक्षरांचा, पण त्यातून प्रथिन बनतच नाही. १९९६ मध्ये जीन लॉरेन्स यांच्या प्रयोगशाळेने त्याला चकाकता रंग देऊन पाहिलं, तेव्हा तो त्या एकाच गुणसूत्राला वेढून बसलेला दिसला.

तो पसरतो कसा? २००९ मध्ये हाय-सी तंत्र आलं आणि केंद्रकात डीएनएचे कोणते भाग एकमेकांजवळ येतात, ते मोजता येऊ लागलं. २०१३ मध्ये जेसी एंग्राइट्झ, मिचेल गटमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एक्सिस्ट धाग्यावरून क्रमाने पुढे सरकत नाही. घड्यांमुळे जे भाग आधीच त्याच्या शेजारी आलेले असतात, तिथे तो पहिल्यांदा पोचतो आणि मग ती घडीच बदलतो. बंद एक्स दोन प्रचंड भागांत दुमडलेलं असतं. मधली बिजागरी म्हणजे डीएक्सझेड४ हा पट्टा.

२०१६ मध्ये उंदरांच्या पेशींतून तो पट्टा काढून टाकला गेला. दोन भागांची रचना मोडली, तरी बहुतेक जनुकं बंदच राहिली. या साऱ्या प्रवासात मला हा निकाल सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आकार बदलला म्हणजे जनुक बंद पडलं, हे सोपं समीकरण त्याने पुसलं. जनुकं गप्प करण्यात एक्सिस्टने बोलावलेल्या स्पेनसारख्या प्रथिनांचा वाटा मोठा, हे तोवर पुढे आलंच होतं.

२०१३ मध्येच लॉरेन्स यांच्या गटाने डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या पेशींत, जास्तीच्या २१व्या गुणसूत्रावर एक्सिस्ट बसवलं. ते गुणसूत्रही आवळलं गेलं आणि बहुतांशी गप्प झालं. हे काम प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं आहे. पालकांनी याला उपचार समजू नये.