शीळफाट्याची कोंडी आणि डुकराचं हृदय

कल्याणहून येणारा रस्ता मुंब्रा, पनवेल आणि महापेकडच्या रस्त्यांना शीळफाट्यावर मिळतो. तिथल्या कोंडीत अडकलेली रुग्णवाहिका डोंबिवलीकरांना नवी नाही. आत हृदयविकाराचा रुग्ण असेल तर मिनिटामिनिटाचं मोल असतं, हे आता कुणीही सांगेल. पण हे शहाणपण आलं प्रयोगशाळेतल्या जनावरांकडून.

मुंबईत सुरुवात कुत्र्यांपासून झाली. परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी कुत्र्यांवर हात बसवला आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण जेमतेम काही तास जगला. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेत रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांच्या हृदयधमन्या ठरावीक वेळ बांधून ठेवल्या. स्नायू एकदम मरत नाही, आतल्या थराकडून बाहेर तासागणिक मरत जातो, हे त्यातून दिसलं. धमनी वेळेत उघडली तर उरलेला वाचतो.

मात्र कुत्र्याच्या हृदयात रक्ताला जायला आडवाटा बऱ्याच असतात. डुकराच्या हृदयात त्या जवळपास नसतातच. शीळफाट्यासारखं, मुख्य रस्ता अडला की सगळं ठप्प. निरोगी माणसाचं हृदयही बरंचसं असंच, शिवाय आकारही जुळता. त्यामुळे झटक्याच्या अभ्यासात डुक्कर पुढे आलं. डुकराच्या धमनीला फुग्याने, तारेने मुद्दाम जखम करून फुग्याने उघडलेली धमनी पुन्हा का आकसते हे तपासलं गेलं. आजचे औषध सोडणारे स्टेंट त्याच वाटेने आले. अर्थात कोवळ्या डुकराच्या मऊ धमनीत साठीतल्या माणसासारखा कॅल्शियमचा थर नसतो, हे विसरून चालत नाही. नेहमीचं पाळीव डुक्कर तर प्रयोग संपेपर्यंत भलतंच वाढतं. म्हणून जर्मनीत गॉटिंगेनला साठच्या दशकात ठेंगणी जात तयार केली गेली.

डुकराचं हृदयच माणसाला बसवण्याचा प्रयत्न आसामात सोनापूरला १९९७ मध्ये डॉ. धनीराम बारुआ यांनी केला. रुग्ण सात दिवस जगला, बारुआंना तुरुंगवास घडला. त्यांना आज द्रष्टा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. बाल्टिमोरला २०२२ मध्ये दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचं हृदय बसवलं, तेव्हाही रुग्ण दोनच महिने जगला. आणि एवढ्या तपासण्यांतून गेलेल्या त्या हृदयात डुकरांचा एक विषाणू लपून आलेला आढळला.