आग सोमेश्वरीं, बंब रामेश्वरीं

दंगा मोडणें हें पोलिसांचें व फौजेचें काम आहे; पण दंगा कां झाला हें विचारणें, आणि उत्तर कडू निघालें तरी तें पचविणें, हें राज्यकर्त्यांचें काम आहे. पहिलें काम अमेरिकेच्या सरकारानें १९६७ सालीं बंदुकीच्या जोरावर उरकलें. दुसरें अर्ध्यावर सोडलें. ज्या राष्ट्राच्या लोकसत्तेचे गोडवे आमचा सुशिक्षित वर्ग आजहि गातो, त्याच्या या वर्तनाची छाननी करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हकीकत अशी. २३ जुलै १९६७ रोजीं पहांटे डेट्रॉइट शहरांतील कृष्णवर्णीयांच्या वस्तींत एका बिनपरवाना मद्यगृहावर पोलिसांनीं धाड घातली. आंत व्हिएटनामच्या युद्धावरून परतलेल्या दोघां शिपायांच्या स्वागताची मेजवानी चालली होती. ८० हून अधिक माणसें पकडलीं गेलीं, बाहेर जमाव जमला, आणि पुढील पांच दिवसांत ४३ जीव गेले. त्यांपैकीं ३३ कृष्णवर्णीय होते. ७,००० वर लोक अटकेंत पडले. सुमारें अडीच हजार दुकानें व व्यवसाय लुटीच्या किंवा आगीच्या तडाख्यांत सांपडले. अखेर अध्यक्ष जॉन्सन यांस छत्रीधारी फौज धाडावी लागली. त्याच महिन्यांत न्यूअर्क शहरांतहि २६ माणसें प्राणांस मुकलीं होतीं.

जॉन्सन यांजवर अन्याय करण्याची आमची इच्छा नाहीं. १९६४ चा नागरी हक्कांचा व १९६५ चा मतदानाच्या हक्काचा, हे दोन्ही कायदे त्यांनीं नेटानें पार पाडले. परंतु दुसऱ्या कायद्यावर सही होऊन पांच दिवस लोटतात न लोटतात तोंच लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागांत दंगा उसळला व ३४ माणसें मेलीं. याचें कारण उघड आहे. दक्षिणेंतील राज्यांत भेदाच्या पाट्या भिंतींवर टांगलेल्या होत्या. त्या कायद्यानें उतरवितां आल्या. उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांत पाटी नव्हती. तेथें घरमालक, कारखानदार व सावकारी पेढ्या तेंच काम मुकाट्यानें करीत होत्या. १९३० नंतरच्या दशकांत खुद्द सरकारी गृहकर्ज संस्थेनें कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर तांबड्या रंगानें धोक्याच्या म्हणून दाखविल्या होत्या. ज्याची पत एकदां अशी बुडविली, त्याची वस्ती पुढें कशी सुधारावी, हें आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगावयास नको.

कायदे करणाऱ्यांची वृत्ति कशी होती याचा एक दाखला पुरे आहे. डेट्रॉइट पेटण्यापूर्वीं तीनच दिवस, २० जुलै रोजीं, गरीब वस्त्यांतील उंदरांचा नायनाट करण्यासाठीं ४ कोटि डॉलर्सचें विधेयक प्रतिनिधिगृहापुढें आलें होतें. निजलेल्या मुलांस उंदीर चावतात, ही गोष्ट सभासदांस विनोदाची वाटली. त्यांनीं थट्टामस्करी करून तें फेटाळलें. पुढें लाज वाटून ती तरतूद निराळ्या रूपानें मंजूर झाली खरी. पण ज्यांच्या मुलांवर हंसें झालें, ते तें हंसें कसें विसरणार?

२७ जुलै रोजीं जॉन्सन यांनीं इलिनॉयचे गव्हर्नर कर्नर यांच्या अध्यक्षतेखालीं ११ जणांचें कमिशन नेमलें व त्यांस तीन प्रश्न घातले: काय घडलें, कां घडलें, आणि पुन्हां घडूं नये म्हणून काय करावें? कमिशनचे सभासद कोणी माथेफिरू नव्हते. बहुतेक गोरे व प्रतिष्ठित होते. तरीहि १९६८ च्या फेब्रुवारीअखेर त्यांनीं निःसंदिग्ध निवाडा दिला. दंग्यांमागें कोणाचेंहि कारस्थान नव्हतें. गोऱ्या समाजाचा वर्णद्वेष हेंच मूळ. आणि राष्ट्र एकमेकांपासून तुटलेल्या दोन विषम समाजांत दुभंगत आहे. तक्रारींत अग्रस्थानीं पोलिसांचें वर्तन, बेकारी व निकृष्ट घरें हीं होतीं. उपायहि सांगितले: तीन वर्षांत २० लक्ष रोजगार व पांच वर्षांत ६० लक्ष घरें.

अहवालाच्या लक्षावधि प्रती खपल्या. पण ज्यानें तो मागविला, त्या अध्यक्षानें त्याजकडे पाठ फिरविली. कां? तिजोरींत हात घालावा तर तेथें व्हिएटनामचा हात आधींच होता! १९६७ च्या अखेरीस ४,८५,००० च्या आसपास अमेरिकन सैनिक त्या दूरच्या देशांत होते. जून १९६८ मध्यें प्राप्तीवर १० टक्के जादा कर बसला, तोहि अंतर्गत खर्चांत ६०० कोटि डॉलर्सची काटछाट कबूल केल्यावर. आग डेट्रॉइटांत, बंब व्हिएटनामांत! मार्टिन ल्यूथर किंग यांनीं ४ एप्रिल १९६७ रोजीं न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्यें हाच हिशेब मांडला होता: युद्ध हें गरिबांचें शत्रु आहे. त्याबद्दल त्यांस मित्रांचेहि बोल सोसावे लागले. बरोबर एक वर्षानें मेंफिस येथें त्यांचा खून झाला आणि शंभरांवर शहरांत दंगे उसळले. तेव्हां कोठें, ११ एप्रिल १९६८ रोजीं, घरें देतां-विकतांना वर्णभेद करूं नये असा कायदा झाला.

आम्ही वकिलीच्या धंद्यांतले. आम्हांस एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. हुकूमनामा मिळाला म्हणजे दावा संपत नाहीं; दरखास्त चालून बजावणी होईपर्यंत पक्षकाराच्या हातीं कागदच असतो. कर्नर कमिशनच्या हुकूमनाम्याची दरखास्त कोणीच नेटानें चालविली नाहीं. म्हणूनच २५ मे २०२० रोजीं मिनिआपोलिस शहरांत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या गुडघ्याखालीं अंत झाला, तेव्हां ५२ वर्षांपूर्वींची पहिलीच तक्रार पुन्हां रस्त्यावर आली.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या सज्जनांस अर्पण केला, तो आपल्या देशबांधवांनीं तो कित्ता गिरवावा म्हणून. तेव्हां त्या सज्जनांच्या वारसांस प्रश्न विचारण्याचा हक्क आम्हांस निश्चित पोंचतो: बेडी तोडणें हें अर्धें काम होतें, उरलेलें अर्धें केव्हां करणार? मात्र कित्ता गिरविणारानें त्यांतील चूकहि गिरवावी असें नाहीं. चौकशी नेमणें सोपें आहे. तिचें उत्तर ऐकणें हेंच राज्य करणें होय.