पाचटाचा धूर जातो कुठे?



गळीत हंगाम भरात आला की आमच्या शेती खात्याच्या माणसांची रोजची फेरी फडाफडातून असते. दिवस मावळता परत फिरावे, तर चार-दोन ठिकाणी तरी पाचट पेटलेले दिसते. वारा पडला, आता आग शेजारच्या उसात जात नाही, म्हणून मुद्दाम संध्याकाळची वेळ साधलेली असते. पाचट पेटवलं, रान मोकळं झालं, सकाळी पाणी सोडायला मोकळे! थांबून विचारले की उत्तर ठरलेले : "साहेब, धुराला काय होतंय? वर निघून जातो."

तो वर निघून जात नाही. तेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

कुणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आमच्या वडिलांच्या रानात ऊस तुटला की पाचटाला काडी लावायचे काम लहानपणी आमच्याकडेच असे. तिकडे घरात आई शेणी आणि पाचटावर चूल फुंकीत असे. उतारवयात तिला धाप लागू लागली ती अखेरपर्यंत सुटली नाही. तिने जन्मात कधी विडी ओढली नव्हती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो चुलीचा आणि धुराचा. तेव्हापासून आम्ही या विषयाकडे लक्ष देऊ लागलो.

धुरात असते काय?

डोळ्यांना दिसते ती काळी काजळी. ती अंगणात, कपड्यांवर, पाण्याच्या हौदात पडते. तिचा त्रास होतो, पण मोठे कण बरेचसे नाकातच अडकतात. खरा घात करतात ते न दिसणारे बारीक कण. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना शास्त्रात 'पी. एम. २.५' म्हणतात. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन धरली, तर केसाच्या विसाव्या भागाहूनही हे कण बारीक. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोचतात आणि त्यांतले अगदी सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणून धुराचा आजार म्हणजे केवळ खोकला नव्हे. दमा, जुनाट श्वासविकार, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग या साऱ्यांचा धोका वाढतो. गरोदर बाईच्या बाळाचे वजन कमी भरण्याशीही त्याचा संबंध आढळला आहे.

शिवाय अर्धवट जळणाऱ्या पाचटातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. रक्तातील लाल द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणजे प्राणवायूची जागाच अडवतो. धुरात काम केल्यावर डोके दुखते, गरगरते, ते पुष्कळदा यामुळेच.

लहान मुले वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसे अजून वाढत असतात. त्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्रास अधिक. फडाच्या कडेला टोळीच्या कोप्या असतात. त्यांत झोळीत निजलेले तान्हे मूल असते. पाचट आपण पेटवतो, धूर ते मूल घेते, हे विसरून चालणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या बारीक कणांची वार्षिक सरासरी मर्यादा एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. आपल्या देशाचे २००९ सालचे प्रमाण ४० आहे. घरातली व बाहेरची अशी दूषित हवा मिळून जगात दरवर्षी सुमारे ७० लाख माणसे अकाली दगावतात, असा त्या संघटनेचा अंदाज आहे.

संध्याकाळचा धूर वाईट का?

दिवसा ऊन असते, जमीन तापते, हवा वर चढते आणि धुराला बरोबर नेते. हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन लवकर गार होते. जमिनीलगतची हवा थंड व जड, तिच्यावरची हवा उबदार, असे उलटे होते. वरच्या उबदार थराचे जणू झाकणच बसते. मग धूर रात्रभर गावठाणावर तरंगत राहतो. पहाटे दूध घालायला निघालेल्या माणसाला रस्त्यावर धुराचा आडवा पट्टा दिसतो तो याचाच. आपला हंगाम नेमका याच दिवसांतला. म्हणजे वारा पडल्याची जी वेळ आगीसाठी सोयीची, तीच श्वासासाठी सर्वांत वाईट.

असेच झाकण डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहरावर पाच दिवस बसले होते. घरोघरच्या आणि कारखान्यांच्या कोळशाचा धूर कोंडला. त्या वेळी सुमारे ४००० माणसे दगावल्याचा अंदाज होता. पुढच्या अभ्यासांत तो आकडा १२००० पर्यंत गेला. त्यानंतर १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. आपल्याकडे हवा प्रदूषणाचा कायदा १९८१ चा आहे.

ऊसवाल्यांचाच अनुभव

लंडन दूरचे वाटेल, म्हणून उसाच्याच मुलखाचे उदाहरण घ्या. ब्राझील देशात साओ पावलो राज्यात तोडणी सोपी व्हावी म्हणून उभा ऊस पेटवीत. आपण तोडणीनंतर पाचट पेटवतो, एवढाच फरक. त्या राज्यातील पिरासिकाबा या गावी हवेतील कण आणि दवाखान्यातील भरती यांचा मेळ घालून पाहिला. हवेतले बारीक कण सुमारे १० मायक्रोग्रॅमने वाढले की श्वासविकाराने दाखल होणाऱ्या मुलांची संख्या सुमारे २१ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. अराराक्वारा या दुसऱ्या ऊसपट्ट्यात जाळणीच्या दिवसांत दम्याच्या रुग्णांची भरती इतर दिवसांपेक्षा सुमारे दीडपट आढळली.

त्या राज्याने २००२ साली जाळणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. यंत्राने तोडणी होऊ शकेल अशा जमिनीसाठी २०२१ ची मुदत होती. पण २००७ साली सरकार आणि कारखानदार यांनी करार करून ती २०१४ पर्यंत अलीकडे आणली. पिकाची सोय आणि माणसाचा श्वास यांतून त्यांनी वाट काढली, ती आपल्यालाही काढता येईल.

पाचटाचा हिशेब

एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघते. त्यात १६ ते २० किलो नत्र, ८ ते १२ किलो स्फुरद आणि ३० ते ४० किलो पालाश असते. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २० किलो नत्र असते. म्हणजे एक एकर पाचट पेटवले की जवळजवळ एका गोणीचे नत्र हवेत गेले. सेंद्रिय कर्ब गेला तो वेगळाच. राख उरते तीही वाऱ्याने उडते. शिवाय आग बांध ओलांडून शेजाऱ्याच्या उभ्या उसात गेली, ठिबकच्या नळ्या वितळल्या, भावाभावांत वाद झाले, हे प्रत्येक गटात घडलेले आहे.

करावे काय?

१) ऊस जाताच पाचट एक आड एक सरीत किंवा सर्व सऱ्यांत पसरावे. पाणी पुढे सरकत नाही अशी तक्रार असते, त्यांनी एक आड एक सरी धरावी.

२) बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटावेत. बुडख्यांवर पाचट राहू देऊ नये, म्हणजे फुटवा जोमदार येतो.

३) दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. ओल राहिली तरच पाचट कुजते.

४) खोडव्यास खते पहारीने छिद्रे घेऊन द्यावीत. पाचट हलवावे लागत नाही.

५) ज्यांना कुट्टी करायची आहे त्यांनी शेजाऱ्यांच्या जोडीने यंत्र बोलवावे, म्हणजे फेरी परवडते.

६) घरात चूल असेल तर ती खिडकीजवळ वा बाहेर ओसरीवर न्यावी, वाळले जळणच वापरावे. गॅस असूनही काटकसरीपायी कोपऱ्यात पडला असेल, तर निदान घरात तान्हे मूल किंवा गरोदर बाई असताना तरी तो वापरावा.

कारखान्याची बाजू

गेल्या वार्षिक सभेत एका सभासदाने उभे राहून विचारले, "आमच्या पाचटाचं सांगता, तुमच्या धुराड्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. बगॅस ओला असला किंवा बॉयलर नीट धरला नसला, की काळा धूर व काजळी बाहेर पडते. साखर कारखान्यांच्या धुराड्यातून दर घनमीटर वायूत १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कण सोडू नयेत, असा नियम २०१६ साली झालेला आहे. ज्यांच्या अंगणात काजळी पडते त्यांनी वार आणि वेळ गट कार्यालयात नोंदवावी. त्या वेळी बॉयलर कसा चालला होता ते नोंदवहीवरून पाहता येते. तक्रार केली म्हणून कुणाचा ऊस मागे ठेवला जाणार नाही.

धूर कुणाचा, हे फुप्फुस विचारीत नाही. कारखान्याने आपले धुराडे सांभाळावे, आपण आपला फड सांभाळावा. या हंगामात निदान एक एकर न पेटवता ठेवून पाहा. खोडवा कसा येतो ते आम्ही तुमच्या बांधावर येऊन तुमच्याबरोबरच पाहू.

आपला,
ऊस विकास अधिकारी