उपजत कमी बिंबिका आणि रक्तस्रावाची काळजी

श्रोतेहो, आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. मग वैद्यकावर बोलण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील. कारखान्यात जखम झाली की पहिली धाव शेजारच्या सोबत्याची असते, डॉक्टर मागाहून येतो. त्या सोबत्याला जे ठाऊक असावे तेवढेच आम्ही सांगणार आहो.

कापले की रक्त वाहते आणि थोड्या वेळाने थांबते. ते थांबविण्यास प्रथम धावतात त्या रक्तबिंबिका; दवाखान्यात त्यांनाच प्लेटलेट म्हणतात. इटलीच्या बिझोझेरो याने १८८२ साली त्यांचे हे काम दाखवून दिले. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या घटतात, पण ताप ओसरला की काही दिवसांत भरून येतात. काही घराण्यांत मात्र त्या जन्मापासूनच कमी असतात आणि आयुष्यभर कमीच राहतात.

या उपजत विकारांचे प्रकार अनेक आहेत. पॅरिसच्या बर्नार आणि सूलिए यांनी १९४८ साली वर्णिलेल्या विकारात बिंबिका थोड्या तर असतातच, शिवाय फुटलेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून ठेवणारा त्यांचा भाग सदोष असतो. हजेरीपटावर माणसे कमी, आणि आली त्यांचेही हात बांधलेले, अशी ही अवस्था. हा दोष बहुधा आईबाप दोघांकडून यावा लागतो. म्हणून मामेबहीण-आतेभाऊ अशा नात्यांतील विवाहांत त्याचा संभव वाढतो. दुसऱ्या एका प्रकारात एकाच पालकाकडून आलेला दोष पुरतो. त्यात बिंबिका मोठाल्या असतात, रक्तस्राव पुष्कळदा बेताचा असतो. पण पुढे कान, डोळे वा मूत्रपिंडे बिघडू शकतात. आणखी काही प्रकारांत रक्ताच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. म्हणून कोणता प्रकार आहे, हे कळणे अगत्याचे.

येथेच मोठा घोटाळा होतो. मोजणीचे यंत्र पुष्कळदा आकारावरून बिंबिका ओळखते. फार मोठी बिंबिका त्याच्या हिशेबातून सुटते आणि आकडा आहे त्याहून कमी दिसतो. काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरच खरे कळते. शरीर स्वतःच्याच बिंबिका नष्ट करते, असाही एक निराळा रोग आहे. उपजत विकार तोच समजला गेला, तर रोग्याला महिनोन्‌महिने स्टेरॉइड दिले जाते, क्वचित प्लीहाही काढली जाते, आणि पदरात काही पडत नाही. म्हणून डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, की लहानपणापासून नाकातून रक्त येते, अंगावर निळे डाग उठतात, आईला किंवा मामालाही असेच होते.

आता काळजीचे. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन बिंबिकांचे काम मंदावतात. दुखण्यावर ती मनाने घेऊ नयेत, पॅरासिटामॉल बरे. दात काढणे, शस्त्रक्रिया, बाळंतपण यांची आधी कल्पना द्यावी. नाकातून रक्त आले तर पुढे वाकून बसावे आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटे दाबून धरावा. डोक्याला मार लागला तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जपानच्या ओकामोतो दांपत्याने शोधलेले ट्रानेक्झामिक ॲसिड पुष्कळ उपयोगी पडते, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. लघवीतून रक्त जात असता विशेष जपावे लागते. बिंबिका चढविण्याचा उपाय गरजेपुरताच राखावा, कारण वारंवार चढविल्यास शरीर त्यांच्याविरुद्ध उभे राहू शकते. मुलीची पाळी आठ-आठ दिवस चालत असेल, तर ‘बायकांचे असेच’ म्हणून तिला गप्प बसवू नये. रक्ताबरोबर लोह जाते आणि ती खंगते.

शेवटी आमच्या क्षेत्रातले. आकडा आणि रक्तस्राव नेहमी बरोबर चालत नाहीत. लाखाच्या आत आकडा असूनही उभा जन्म धडपणे काम करणारी माणसे असतात. भरतीच्या तपासणीत केवळ आकडा पाहून कोणास नाकारणे हा अन्याय आहे. त्याला पूर्वी कधी किती रक्त गेले, हे विचारलेच पाहिजे. आणि नोकरी जाईल या भीतीने कामगाराने विकार लपविला, तर अपघाताच्या वेळी त्याचाच जीव धोक्यात येतो. विकाराचे नाव, रक्तगट, वर्ज्य औषधे आणि डॉक्टरांचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी, आणि ती उघडपणे बाळगता येईल अशी हमी कारखान्याने द्यावी. ती मिळविणे हे आम्ही संघटनेचे काम समजतो.