फेटलेल्या कॉफीचा फेस आणि कॉफीच्या दाण्याचा कस

बंगळूरु शहराची ओळख फिल्टर कॉफीशी जोडलेली आहे. पितळेच्या किंवा स्टीलच्या फिल्टरमधून थेंबथेंब उतरणारा काढा, त्यात उकळते दूध आणि वाटी-पेल्यातून वरखाली ओतून आणलेला फेस, ही येथील घरोघरची रीत होय. गेल्या काही वर्षांत मात्र याच शहरातील अनेक स्वयंपाकघरांत दुसरी एक पद्धत रुजली आहे. इन्स्टंट कॉफी, साखर आणि थोडे गरम पाणी एकत्र करून ते ब्लेंडरने घट्ट फेटायचे आणि तो फेस दुधावर ठेवायचा. २०२० च्या टाळेबंदीत ही कॉफी ‘दालगोना’ या कोरियन नावाने जगभर पोहोचली. भारतीय घरांना ती सर्वस्वी नवी नव्हती. कपात कॉफी व साखर घेऊन, पाण्याचे चार थेंब टाकून, चमच्याने रंग फिका होईपर्यंत घोटत बसण्याची सवय आपल्याकडे त्यापूर्वीही होती. ब्लेंडरने केवळ हाताचे श्रम वाचवले.

शेतकरी आणि विस्तार कार्यकर्ते यांच्या दृष्टीने या पेयात लक्ष देण्याजोगी एक बाब आहे. फिल्टरची पूड कितीही वेळ फेटली तरी असा फेस धरत नाही. इन्स्टंट कॉफी मात्र दोन-तीन मिनिटांत फुलून येते. असे का होते हे समजून घेतल्यास शेतमालावरील प्रक्रिया म्हणजे काय, तिच्यातून काय मिळते आणि तिच्याआड काय झाकले जाते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच भांड्यात सापडतात.

घरी करण्याची रीत

चार कपांसाठी पुढील प्रमाण पुरेसे होते.

१. इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी प्रत्येकी दोन मोठे चमचे घ्यावे. पाणी सुमारे ३० मिलिलिटर भरते.
२. भांडे अरुंद व उंच असावे. पसरट भांड्यात एवढ्या थोड्या मिश्रणापर्यंत ब्लेंडरचे पाते पोहोचत नाही.
३. भांडे, पाते व चमचा तेल, तूप किंवा सायीपासून पूर्ण स्वच्छ असावेत.
४. हँड ब्लेंडर प्रथम मंद व नंतर वेगात चालवावा. तारेची फेटणी जोडता येत असल्यास अधिक चांगले. दोन ते तीन मिनिटांत गडद तपकिरी मिश्रण फिके, घट्ट व चकचकीत होते.
५. फेटणी वर उचलल्यावर फेसाचा शेंडा उभा राहिला की थांबावे.
६. कपात दीडशे मिलिलिटर दूध घेऊन त्यावर फेसाचा चौथा भाग ठेवावा. थंड दुधावर तो बराच वेळ टिकतो, गरम दुधात लवकर विरघळतो. पिताना ढवळून घ्यावे.

हँड ब्लेंडर नसल्यास मिक्सरचे चटणीचे भांडे चालते, परंतु प्रमाण दुप्पट घ्यावे, मिक्सर थांबत थांबत फिरवावा आणि कडेला चिकटलेले मिश्रण मधूनमधून खाली ओढावे. बंद भांड्यात उकळते पाणी कधीही घालू नये; वाफेच्या दाबाने झाकण उडून भाजण्याची शक्यता असते. कोमट-गरम पाण्यानेही काम होते. साखर निम्मी केली तरी फेस येतो, मात्र तो सैल राहतो व लवकर बसतो.

फेस कशाच्या आधारावर उभा राहतो?

फेस म्हणजे द्रवाच्या पातळ पडद्यांत अडकलेली हवा. ब्लेंडर हवा आत ओढतो आणि मोठ्या बुडबुड्यांचे बारीक बुडबुडे करतो. ते फुटू नयेत यासाठी पडद्याला बळकटी लागते. कॉफीतील प्रथिनांचे अंश आणि भाजताना तयार होणारी मेलॅनॉइडिन ही तपकिरी द्रव्ये बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर गोळा होऊन हे काम करतात. गॅलॅक्टोमॅनन व अरॅबिनोगॅलॅक्टन या दाण्यातील गुंतागुंतीच्या शर्करा द्रवाला दाटपणा देतात. साखरेमुळे तो दाटपणा आणखी वाढतो आणि पडद्यांतील पाणी सावकाश खाली उतरते. साखर फेस निर्माण करत नाही, ती त्याचे आयुष्य वाढवते.

हे घटक फिल्टरच्या पुडीतही असतात, पण पाण्यात पुरेसे उतरत नाहीत. घरच्या पद्धतीने कॉफीच्या पुडीचा साधारण पाचवा भाग पाण्यात विरघळतो. इन्स्टंट कॉफीच्या कारखान्यात उच्च दाब व तापमानाखाली त्याच्या दुपटीहून अधिक भाग ओढून घेतला जातो, कारण एरवी न विरघळणाऱ्या शर्करांच्या लांब साखळ्या तेथे तुटतात. पुढे हा अर्क स्प्रे ड्राइंग किंवा फ्रीझ ड्राइंग पद्धतीने सुकवतात. म्हणूनच तो दोन चमचे पाण्यात दाट विरघळतो. शिवाय दाण्यातील बहुतेक तेल अर्क काढताना चोथ्यातच राहते. तेल हा फेसाचा शत्रू आहे. त्याचा थेंब पडद्यावर पसरला की बुडबुडा फुटतो. फिल्टरच्या पुडीत तेल आणि न विरघळणारे कण दोन्ही असल्याने तिचा असा फेस उभा राहत नाही.

चार कपांमागची फळे

एक किलो इन्स्टंट कॉफीसाठी २.६ किलो हिरवी कॉफी लागते, असे रूपांतराचे प्रमाण आंतरराष्ट्रीय व्यापारात धरले जाते. एक किलो हिरव्या कॉफीसाठी सुमारे पाच किलो पिकलेली फळे तोडावी लागतात. दोन मोठे चमचे इन्स्टंट कॉफी साधारण ८ ग्रॅम भरते. म्हणजे चार कपांच्या फेसामागे सुमारे २१ ग्रॅम हिरवा दाणा आणि अंदाजे शंभर ग्रॅम पिकलेली फळे असतात.

बंगळूरुहून ही सर्व साखळी पाहता येते. कॉफी मंडळाचे मुख्यालय याच शहरात आहे. देशातील सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात, मुख्यत्वे कोडगू, चिक्कमगळूरु व हासन या जिल्ह्यांत पिकते. चिक्कमगळूरु जिल्ह्यातील बाळेहोन्नूर येथे १९२५ मध्ये सुरू झालेले केंद्र आज केंद्रीय कॉफी संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. म्हैसूरजवळील नंजनगूड येथे इन्स्टंट कॉफीचा कारखाना आहे. महाराष्ट्रातील वाचकांना कॉफीचे झाड पाहायचे असल्यास अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला जाता येईल; तेथील लागवड ब्रिटिश काळापासूनची आहे.

भारतीय उत्पादनात सुमारे सत्तर टक्के वाटा रोबस्टाचा आहे. अरेबिकाच्या मानाने तिचा स्वाद रांगडा, त्यामुळे तिला दुय्यम मानण्याची प्रथा पडली. इन्स्टंट उद्योगाचा मोठा आधार मात्र रोबस्टाच आहे. तिच्यात तेल सुमारे दहा टक्के, तर अरेबिकात पंधरा टक्क्यांच्या आसपास असते. तिच्यातील कॅफीनही अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. रोबस्टाचे फूल स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. तिला परपरागीभवन लागते. वारा ते काही प्रमाणात घडवतो, परंतु मार्चच्या सुमारास पाऊस किंवा तुषार सिंचनानंतर सारा मळा पांढरा फुलतो, तेव्हा आग्या मधमाशी आणि सातेरी मधमाशी यांचा वाटा मोठा असतो. सावलीची मोठी झाडे राखली म्हणजे आग्या माशीच्या पोळ्यांनाही आसरा मिळतो.

फेसाखाली न दिसणारी कीड

कॅफीन हे झाडाचे नैसर्गिक कीटकनाशक होय. कॉफी फळ पोखरणारा भुंगेरा, शास्त्रीय नाव हायपोथेनेमस हॅम्पेई, हा त्याला अपवाद आहे. केवळ दाण्यावर जगून तो आपला जीवनक्रम पूर्ण करतो. त्याच्या आतड्यातील जिवाणू कॅफीनचे विघटन करतात, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. भारतात ही कीड प्रथम १९९० मध्ये निलगिरीतील गुडलूर भागात नोंदली गेली. जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची काळी मादी फळाच्या टोकाशी बारीक छिद्र पाडून आत शिरते व दाण्यातच अंडी घालते. अळ्या दाणा पोखरतात, वजन घटते आणि छिद्रातून बुरशीला वाट मिळते.

तोडणीनंतर झाडावर व जमिनीवर राहिलेली फळे हाच या किडीचा पुढच्या हंगामापर्यंतचा निवारा असतो. म्हणून फळांची वेळेवर तोडणी, खाली कापड अंथरून सांडलेली फळे गोळा करणे, राहिलेली फळे वेचून नष्ट करणे, कीडग्रस्त फळे उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटे बुडवणे आणि शिफारशीइतका ओलावा येईपर्यंत वाळवणे, हे उपाय पायाभूत ठरतात. पार्चमेंट कॉफीसाठी ही मर्यादा दहा टक्के, अरेबिका चेरीसाठी साडेदहा आणि रोबस्टा चेरीसाठी अकरा टक्के आहे. मिथेनॉल-इथेनॉलचे आमिष असलेले सापळे व बिव्हेरिया बॅसियाना ही बुरशी यांची त्यांना जोड दिली जाते.

हे सर्व श्रम फेसात दिसत नाहीत, हाच या लेखाचा मुद्दा आहे. फेस येतो तो अर्काच्या दाटपणामुळे. दाणा निवडक होता की साधारण, हे त्यावरून कळत नाही. साखर आणि दूध उरलासुरला दोषही झाकतात. घट्ट फेसाला उत्तम कॉफी मानणारा ग्राहक स्वच्छ, निरोगी दाण्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण शोधणार नाही. मग ज्या मळेवाल्याने खाली पडलेली फळे वेचण्यावर मजुरी खर्च केली, त्याला आणि ज्याने ती तशीच सोडली त्याला सारखाच भाव मिळण्याची वेळ येते. एकाच्या मळ्यातील निष्काळजीपणा शेजाऱ्याच्या मळ्यात कीड पाठवतो, म्हणून हे नुकसान एका घरापुरते राहत नाही.

पाकीट वाचण्याची सवय

इन्स्टंट कॉफीच्या प्रत्येक पाकिटात केवळ कॉफीच असते असे नाही. चिकोरी या वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांचे मिश्रण कायदेशीर आहे, मात्र अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. चिकोरीमुळे रंग गडद होतो व कडवट-गोडसर चव येते, कॅफीन मात्र त्यात नसते. फिल्टरच्या पुडीतील चिकोरी ओळखण्याची सोपी चाचणी अशी : पेल्यातील थंड पाण्यावर चिमूटभर पूड भुरभुरावी. कॉफी काही वेळ तरंगते, चिकोरी रंगाची रेघ सोडत खाली जाते. इन्स्टंट कॉफी पूर्ण विरघळत असल्याने तिला ही चाचणी लागू पडत नाही. तेथे पाकिटावरील मजकूरच वाचावा.

प्रमाणाचेही भान ठेवावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभरातील कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत असावे. इन्स्टंट कॉफीच्या दीडशे मिलिलिटरच्या कपात ते ५० ते ६५ मिलिग्रॅम असते. वर दिलेला सगळा फेस एकट्याने संपवल्यास जवळपास पूर्ण दिवसाचे कॅफीन एका बैठकीत पोटात जाते. जेवणाच्या आधी व नंतर एक तास कॉफी टाळावी, अन्यथा अन्नातील लोहाचे शोषण कमी होते.

गटबैठकीसाठी एक प्रात्यक्षिक

प्रक्रिया उद्योगावरील प्रशिक्षणात विस्तार कार्यकर्त्यांना हा प्रयोग अर्ध्या तासात करून दाखवता येईल. दोन कंपन्यांच्या इन्स्टंट कॉफी घ्याव्यात, एक शुद्ध आणि एक चिकोरीमिश्रित. प्रथम दोन्ही केवळ गरम पाण्यात विरघळवून, साखर-दुधाविना चाखायला द्याव्यात. नंतर त्याच पावडरी फेटून दुधासह द्याव्यात. पहिल्या फेरीत जाणवलेला फरक दुसऱ्या फेरीत किती उरतो, हे सहभागींनी स्वतः नोंदवावे. तेलाचे बोट लावलेल्या भांड्यात तिसरा घाणा फेटून दाखवल्यास स्वच्छतेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

हळद, गूळ, मिरची किंवा फळांचा गर यांवर प्रक्रिया करणाऱ्या गटांनाही हाच धडा लागू आहे. प्रक्रियेने माल टिकतो, दूर पोहोचतो आणि त्याचे मोल वाढते. पण मूळ मालाचा कस प्रक्रियेने निर्माण होत नाही. तो जपल्याची खूण पाकिटावर आली आणि ग्राहकाला ती वाचण्याची सवय लागली, तरच त्याचा लाभ शेतकऱ्यापर्यंत पोहोचेल. भारतीय कॉफीच्या बाबतीत २०१९ मध्ये कूर्ग अरेबिका, वायनाड रोबस्टा, चिक्कमगळूरु अरेबिका, बाबाबुडनगिरी अरेबिका आणि अराकू व्हॅली अरेबिका यांना भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच दिशेचे पाऊल होय. फेटलेली कॉफी आवडीने प्यावी. मात्र नवे पाकीट फोडल्यावर पहिला कप साध्या पाण्यातला, बिनसाखरेचा घ्यावा. दाण्याची परीक्षा त्यातच होते.