Explained : ‘कोयता’ शब्द आला कुठून? कापणीचं हत्यार, पोलिसांची डोकेदुखी आणि नवरा-बायकोची जोडी

‘कोयता’ हा शब्द मोबाईलवर सर्च करून पाहा. पुण्यातली कोयता गँग, गाड्यांची तोडफोड, दहशत, धिंड असंच बरंच काही समोर येईल. ऊस किंवा शेत शोधायला बरंच खाली स्क्रोल करावं लागतं. आम्हा डेस्कवाल्यांचाही यात हात आहे. ‘कोयता गँग’ हे दोन शब्द हेडलाइनमध्ये छान बसतात.

पण या शब्दाचं मूळ मारामारीत नाही, कापणीत आहे. आणि आजही लाखो लोकांच्या मजुरीचा हिशेब याच शब्दावर चालतो.

विळा आणि कोयता एकच का?

नाही. विळा हलका, पातळ आणि जास्त वाकडा असतो. मुठीत पिकाचे ताटवे धरायचे आणि विळा आपल्याकडे ओढायचा, की कापलं. भात, गवत, गहू ही त्याची कामं. कोयता जड असतो. तो ओढायचा नसतो, हाणायचा असतो. इंजिनीअरिंगच्या भाषेत, विळ्यात धार काम करते आणि कोयत्यात धारेबरोबर वजनही. म्हणून ऊस, नारळ, फांद्या यांना कोयता लागतो. कोकणात कमरेला मागे लाकडी आकडी बांधून त्यात कोयता अडकवलेला माणूस अजूनही दिसतो. तो कोणाला मारायला नाही, बागेत निघालेला असतो.

(विळ्या-भोपळ्याच्या सख्यात विळाच का, कोयता का नाही, हा वेगळा विषय. पुन्हा कधीतरी.)

मग ‘कोयता’ हा शब्द कुठला?

संस्कृतमध्ये कापणीच्या हत्याराला ‘दात्र’ म्हणतात. हिंदीतली ‘दरांती’ आणि बंगालीतला ‘दा’ हे त्याच घरातले. कोयता मात्र या घरात बसत नाही. त्याचे नातेवाईक दक्षिणेला आहेत.

तमिळमध्ये ‘कोय्’ म्हणजे खुडणं, कापणं. कन्नडमध्ये ‘कोय्यु’ म्हणजे कापणं आणि ‘कोय्लु’ म्हणजे पिकाची कापणी. मल्याळममध्ये कापणीला ‘कोय्त्तु’ म्हणतात. हा शब्द दोनदा म्हणून पाहा, कोयता किती जवळ आहे ते कळेल. तेलुगूत ‘कोत’ म्हणजे कापणी आणि कपातही. हैदराबादेत वीज गेली की लोक ‘करंट कोत’ म्हणतात. म्हणजे तिथलं लोडशेडिंग आणि आपला कोयता एकाच धातूतून निघालेले.

शब्द दक्षिणेतून आपल्याकडे ‘आला’ असं म्हणण्यापेक्षा तो इथे आधीपासून नांदत होता, असं म्हणणं मला जास्त पटतं. कन्नड आणि मराठी शेकडो वर्षं एकाच बांधावर आहेत. सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या सीमेवर आजही एकाच शेतात दोन्ही भाषा ऐकू येतात. मराठीतल्या या दाक्षिणात्य धाग्यांवर विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’ हे अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

गंमत म्हणजे कापणीच्या हत्याराच्या नावावरून माणूस कुठला हे ओळखणं फार जुनं आहे. यास्काच्या ‘निरुक्ता’त एक नोंद आहे. पूर्वेकडचे लोक कापण्यासाठी ‘दाति’ हे क्रियापद वापरतात आणि उत्तरेकडच्यांकडे त्यापासूनचं ‘दात्र’ हे नाम तेवढं आहे, असं तो सांगतो. पुढे पतंजलीच्या ‘महाभाष्या’तही हेच उदाहरण येतं. प्रांताप्रांतात भाषा कशी बदलते हे सांगायला दोघांनाही शेतातलं हत्यारच सापडलं.

‘एक कोयता’ म्हणजे किती माणसं?

दोन. बीड, अहिल्यानगर, जालना भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम त्यांना आधी उचल देतो. ही उचल माणसाला नाही, कोयत्याला मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. टोळीत किती माणसं असं कोणी विचारत नाही, किती कोयते असं विचारतात.

ऐकायला हा नुसता बोलीतला शब्द वाटतो, पण त्याचा हिशेबावर थेट परिणाम होतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनाला 366 रुपये ठरले. पण टन मोजला जातो तो कोयत्याचा. ऊस सोलणारी, मोळी बांधणारी, ती डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत जाणारी बाई त्या टनात आहे, पण तिची मजुरी वेगळी कुठेच लिहिलेली नाही. उचल नवऱ्याच्या हातात पडते. एक दिवस कामाला जाता आलं नाही तर खाडा लागतो. पाळी असो वा आजारपण, पैसे कापलेच जातात.

2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा प्रश्न विधिमंडळातही गाजला. हंगामाच्या तोंडावर कोवळ्या पोरांची लग्नं उरकण्यामागेही हेच गणित सांगितलं जातं : अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता झाला की उचल वाढते.

आणि कोयता गँग?

2023 च्या सुरुवातीला पुण्यात अशा टोळ्यांचा उच्छाद वाढला, तेव्हा पोलिसांनी बाजारातल्या कोयत्यांवर लक्ष वळवलं. बोहरी आळीतल्या दुकानावर छापा पडला. खरेदीदाराचं आधार कार्ड घेऊन नोंद ठेवण्याच्या सूचना विक्रेत्यांना दिल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे कोयता विकत घेताना नाव, पत्ता, ओळखपत्र सगळं लागणार. कोयता म्हणून उचल घेतलेल्या बाईचं नाव मात्र मुकादमाच्या वहीत असेलच असं नाही.

आता फडात तोडणी यंत्रं उतरली आहेत. केरळमध्ये भातकापणीच्या यंत्राला ‘कोय्त्तु यंत्रम’ म्हणतात, जुना शब्द तिथे यंत्रावरही टिकला. आपल्याकडे त्याला ‘हार्वेस्टर’च म्हणतात. ते चालवणारा ‘ऑपरेटर’ असतो, आणि त्याचं लग्न झालंय की नाही हे कोणी विचारत नाही.